खिडकीकडची भिंत

सुताचा गुंडा विमलाकाकीच्या हातात गेला आणि तिथंच राहिला.

खेळ साधा होता. ज्याच्या हातात गुंडा येईल त्याने आपलं नाव सांगायचं, सोसायटीने मला काय दिलं ते एका वाक्यात सांगायचं, सूत बोटात धरून ठेवायचं आणि गुंडा समोरच्या कोणाकडे तरी फेकायचा. शेवटी गोलाच्या मधोमध जाळं तयार होतं. मग कामिनीने माइक तोंडाशी नेऊन आवाज जरा खाली आणायचा आणि म्हणायचं की बघा, आपण सगळे असे एकमेकांना धरून आहोत, एकाने सोडलं तर सगळ्यांना ओढ बसते. या वाक्याला बँकवाले हळवे होत, विमा विकणारे हळवे होत, मुख्याध्यापक तर डोळे पुसत; डॉक्टरांच्या एका परिषदेत एकाने चक्क फोन खिशात ठेवला होता, आणि कामिनीच्या धंद्यात त्याहून मोठी पावती नाही. पण इथे, भंडाऱ्यात, कारध्याच्या पुलाकडे तोंड करून असलेल्या या मंगल कार्यालयात, गोल करून सोसायटीचे विणकर बसले होते. काकीने गुंडा झेलला. नाव सांगितलं नाही, काय मिळालं ते सांगितलं नाही, आणि सूत उलट गुंडाळायला लागली. आधी भैय्यालालच्या बोटातून सुटलं, मग कलाबाईच्या, मग पलीकडच्या दोघांच्या. ज्याच्याजवळ सूत पोचलं त्याने आपणहून बोट सैल केलं, जणू खेळाचा नियमच हा होता. कोणी हसलं नाही. कामिनी माइकमधून म्हणाली, काकी, फेक ना समोर. काकीने मान वर केली नाही.

"गुंता होते ना, माय," ती म्हणाली, एवढंच.

क्षणभर कामिनीला अंधारात पायरी चुकावी तसं झालं. मग सवयीने तिने टाळ्या मागितल्या आणि टाळ्या आल्या, कारण टाळ्या मागितल्या की येतात. माणूस दुसरं काही देवो न देवो, टाळी उधार ठेवत नाही. लोकांना बोलतं करणं हे तिचं काम होतं. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये शेजारणी विचारत की तुम्ही नेमकं करता काय, तेव्हा फॅक्टरीत कामाला असलेला तिचा नवरा तिच्या आधीच सांगून टाकी की ट्रेनिंग देते, आणि विषय संपे. ट्रेनिंग ती देत नसे. शिकवायचं असं तिच्याजवळ काही नव्हतंच. सभेत देहाने आलेल्या आणि मनाने घरी परतलेल्या माणसांना बसल्या जागी परत आणायचं, एवढंच ती करी. त्यासाठी तिच्या पिशवीत रंगीत टिकल्या होत्या, कार्डं होती, शिट्टी होती, एक मऊ चेंडू होता. जेवणानंतर पेंगणाऱ्या हॉलला ती उभं करून डाव्या हाताने स्वतःचं नाव हवेत लिहायला लावी. लाजाळूंना चिठ्ठ्या, तोंडाळांना फळ्याजवळचं काम, साहेबांना शेवटचं वाक्य, अशी तिची वाटणी ठरलेली. प्रत्येक सभेत तीच माणसं असतात, नावं तेवढी बदलतात, असाही तिचा हिशेब होता: एक हात बांधून बसलेला, एक सगळ्याला मान हलवणारा, एक चहाच्या दाराकडे बघणारा, आणि एक विदूषक. विदूषक नसला तर सभा बुडाली. इथे तो भैय्यालाल होता. सकाळी आत शिरल्या शिरल्या गोल मांडलेल्या खुर्च्या बघून तो म्हणाला होता की पंगत मांडलेली दिसते, पत्रावळी कुठं आहेत. आणि कामिनीने त्याला तिथल्या तिथे जमेच्या बाजूला टाकलं होतं. काकीची खुर्ची मात्र त्या गोलात जराशी तिरपी होती. सगळ्यांची तोंडं मधे, तिचं खिडकीकडे. कामिनीने ते पाहिलं, कंबर दुखत असेल असं मनाशी धरलं आणि पुढे गेली. समोरच्या बाजूला तिचे बाबा, यादोराव, पांढरा सदरा घालून ताठ बसले होते.

अशा सभा भरवणाऱ्या नागपूरच्या एजन्सीच्या चंदनने तिला हे काम दिलं ते याचसाठी. तुमचीच माणसं आहेत ना मॅम, तो फोनवर म्हणाला होता, तुमच्याजवळ मोकळी होतील. चंदन वाईट माणूस नव्हता. त्याला सगळ्यांचं भलं व्हावं असं वाटे आणि ते वेळेत व्हावं असंही वाटे, आणि दोन्ही जमेना तेव्हा तो वेळ निवडी. मोकळं व्हायचं होतं ते सोसायटीच्या शेडबद्दल. पत्र्याची जुनी शेड, आत ओळीने माग, मागच्या अंगाला सूत रंगवायची टाकी. नागपूरच्याच एका संस्थेला तिथे कोशाच्या किड्यापासून साडीपर्यंत सगळं पर्यटकांना दाखवणारं केंद्र करायचं होतं. थोडे माग काचेमागे राहतील, बाकीचे सभासदांनी आपापल्या घरी न्यावेत, कापड संस्था घेईल, अशी योजना. सभासद नको म्हणाले तर आम्ही दुसऱ्या जिल्ह्यात जाऊ, असं संस्थेने आधीच कळवलं होतं, आणि नवल असं की या बाबतीत ती अगदी प्रामाणिक होती. म्हणजे आजच्या सभेत खरंच काहीतरी ठरणार होतं. कामिनीच्या इतक्या वर्षांच्या सभांमध्ये असं क्वचित झालेलं. एरवी ठरलेलं असे, आणि तिला बोलावत ते माणसांना आपण ठरवलं असं वाटावं म्हणून.

ज्यांच्या घराला ओसरी होती त्यांना माग घरी नेणं जड नव्हतं. यादोरावांच्या घराला ओसरी होती, तरी ते विरोधात होते. ते कितीतरी वर्षं सोसायटीचे अध्यक्ष होते आणि शेडचा एकेक पत्रा त्यांनी उभं राहून ठोकून घेतलेला. त्यांनी जेवढा जीव त्या पत्र्यांवर टाकला त्याच्या पावपट घरातल्या माणसांवर टाकला असता तर माणसं कमी गंजली असती, असं कामिनीची आई जिवंत असताना म्हणे. पण ओसरी नसलेली माणसंही होती, आणि त्यात पहिली विमलाकाकी. तिचा नवरा, वासुदेवकाका, गेल्यानंतर काही वर्षांनी ती यादोरावांच्या घरातून निघाली, कोणाशी न भांडता, आणि भाड्याच्या एका खोलीत राहायला गेली. त्या खोलीत माग नेला तर काकीला बाहेर झोपावं लागेल, काकी आत झोपली तर माग बाहेर. शेड गेली की तिच्यापुढे विड्या वळणं उरणार होतं, आणि साठीला टेकलेल्या बाईला विड्यांचं नवं काम कोण देतं. सकाळी हॉलच्या पायऱ्यांवर तिने कामिनीचं मनगट धरलं होतं. तिची बोटं नेहमीसारखी कोरडी, सुताने गुळगुळीत झालेली.

"मले काही नको," ती म्हणाली होती. "माग तेवढा तिथं राहू दे."

कामिनीने तिला सांगितलं होतं की आज तेच तर विचारायला मी येऊन राहिली, तुझ्याच तोंडून ऐकायचं आहे सगळ्यांना. हे बोलताना तिला स्वतःबद्दल फार बरं वाटलं होतं.

काकीच्या तोंडून ऐकायचं ही गोष्ट मुळात किती अवघड होती ते कामिनीइतकं दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. त्यांच्या घरात दोन माणसं अशी होती जी एकमेकांशी कधी बोलली नाहीत, आणि त्यांच्यात भांडण नव्हतं. बाबा काकीचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. भासऱ्याने दारात यायच्या आधी खाकरायचं. खाकरल्याचं ऐकलं की काकीने पदर ओढून मागाच्या खांबाआड व्हायचं. तो बसला असेल त्या बाजेवर तिने बसायचं नाही, त्याच्या समोरून जायचं नाही, त्याच्या रांगेत उभं राहायचं नाही. देवीच्या आरतीलाही बाबा एका अंगाला आणि काकी दुसऱ्या, मधे टाळ बडवणारी कामिनी. हे कोणी शिकवलं नव्हतं, लिहून तर नव्हतंच. भात शिजताना झाकण ठेवावं तसं ते होतं. आणि कामकाज तर रोजचं, एकाच ओसरीत, एकाच सुतावर. म्हणून बाबा म्हणत, कामिनी, तुझ्या काकीले सांग, रंगवलेलं सूत वाळलं. काकी हातभर अंतरावर. तिला ऐकू गेलेलं असे. तरी ती हलत नसे. कामिनीने मान वळवून, काकी, सूत वाळलं, असं म्हटलं की मगच उठायची. मग तिचं उत्तर, तेही कामिनीला: बाबाले सांग, लाल कमी पडते. बाबांनी ते ऐकलेलं असे आणि तेही तसेच कामिनीच्या तोंडाकडे बघत थांबलेले असत. फ्रॉक घालायच्या वयात कामिनी या दोन मोठ्या माणसांमधून दिवसभर ये-जा करी. बाबा चिडून बोलले तर ती चीड गाळून सांगे, काकी कण्हत म्हणाली तर कण्हणं गाळून. पुढे नागपूरला या धंद्याचं शिक्षण घेताना एका बाईंनी फळ्यावर लिहून दिलं की समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत त्याला परत सांगावं म्हणजे त्याला ऐकलं गेल्यासारखं वाटतं, तेव्हा सगळा वर्ग वहीत उतरवून घेत होता आणि कामिनी हसू दाबत खाली बघत होती.

हसू येणार नाही असंही एकदा झालं होतं. वासुदेवकाकाला छातीत दुखतं म्हणून नागपूरला नेलं होतं, आणि दुपारी बाबा एकटे परत आले. त्या दिवशी ते खाकरायचं विसरले. काकी ओसरीत उभी होती, तिला खांबाआड व्हायला वेळ मिळाला नाही, म्हणून तिने होती तिथंच पाठ फिरवली. बाबा उंबरठ्यावर. चप्पल पायात तशीच. "कामिनी," ते म्हणाले, "सांग तुझ्या काकीले. वासुदेव नाही राहिला." ओसरी केवढी ती. काकीने ऐकलं होतं. तिच्या हातातली सुताची लडी हलायची थांबली होती. पण ती वळली नाही, रडली नाही, काही नाही. ती वाट पाहत होती. कामिनीला एवढं कळत होतं की आपण जोवर बोलत नाही तोवर ही बाई अशीच उभी राहणार, आणि जोवर उभी आहे तोवर काका कुठंतरी आहे. ती गेली, काकीचा पदर धरला, आणि सांगितलं. तेव्हा काकी खाली बसली. पुढे कितीतरी वर्षं एखाद्या सभेत माइक हातात घेताना कामिनीच्या तळहाताला त्या पदराची खरखर जाणवे, आणि ती माइक दुसऱ्या हातात घेई.

भिंतींची कल्पना तिचीच होती. चंदनचं म्हणणं हात वर करायला लावू, दोन मिनिटांचं काम. कामिनीने त्याला समजावलं की हात वर करायला लावले तर बाया आधी पुरुषांच्या हातांकडे बघतात आणि मग आपला अर्धा वर करतात. टिकल्या चिकटवायला दिल्या तर पहिली टिकली जिथं पडली तिथंच सगळ्या पडतात. मोबाइलवर मत मागितलं तर नातू देतो. माणसाला चालवत न्यावं. एका भिंतीवर होय, समोरच्या भिंतीवर नाही, आणि आपल्याला जे वाटतं त्या भिंतीजवळ जाऊन उभं राहायचं. जीभ लाजते, हात दुसऱ्याची नक्कल करतो, पाय खोटं बोलत नाहीत. हे वाक्य ती नेहमी वापरी आणि ते तिला खरंही वाटे. चंदनने विचारलं होतं की मधे, अजून ठरलं नाही, अशी तिसरी जागा ठेवायची का. नको, ती म्हणाली होती. मधे जागा ठेवली की सगळी सभा मधे येऊन उभी राहते, विशेषतः बाया. त्यांना एकदा तरी बाजू घ्यायला लावली पाहिजे. सोसायटीत आता बायाच जास्त होत्या. पुरुष कोणी फॅक्टरीत ठेकेदाराकडे लागलेले, कोणी रस्त्यावरच्या हॉटेलात, सभासदत्व बायकांच्या नावावर करून मोकळे झालेले. म्हणजे शेडचं काय करायचं ते या बायांनीच ठरवायचं होतं, आणि कामिनीला माहीत होतं की यातल्या बहुतेकींच्या घराला ओसरी नाही. मनातल्या मनात तिने बेरीज करून ठेवली होती. माणसं जोखण्यात ती सहसा चुकत नसे.

कार्डं लागली. खिडकीकडच्या भिंतीवर होय, दाराकडच्या भिंतीवर नाही. कामिनीने दोनदा समजावून सांगितलं की होय म्हणजे केंद्र व्हावं, नाही म्हणजे शेड आहे तशी राहावी. सोसायटीच्याच कैलाशने ते तिसऱ्यांदा समजावून सांगितलं, कारण सभेत समजलेली गोष्ट पुन्हा सांगणारा एक असतोच. भैय्यालालने विचारलं की चालून गेलं तर चहा मिळते का, हॉल हसला, आणि कामिनी म्हणाली, चला. खुर्च्या सरकल्या. सगळ्यात आधी बाबा उठले. इकडेतिकडे न बघता ताठ चालत दाराकडच्या भिंतीशी गेले आणि पाठ टेकून उभे राहिले. त्यांच्यामागे भैय्यालाल, कैलाश, बाकीचे पुरुष. बाया अजून बसलेल्या. मग विमलाकाकी उठली. तिने एकदा, एकदाच, दाराकडच्या भिंतीकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर पुढे घेतला, आणि वळून सरळ खिडकीकडच्या भिंतीशी गेली. कलाबाई तिच्यामागे. कलाबाईमागे दोघी, मग चौघी. रेणू नावाची एक नवीन लग्न झालेली पोर दाराकडे निघाली होती. अर्ध्यात थांबली, तिकडच्या रांगेत एकही बाई नाही असं तिला दिसलं, आणि तिचे पाय घुटमळले. कामिनी माइकवर म्हणाली, घाबरू नको, आपल्या मनाने जा. रेणू मागे फिरली आणि बायांत जाऊन मिसळली.

कामिनीच्या अंगावर काटा आला, आणि आधी तो आनंदाचाच होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्यासमोर बाया पुरुषांच्या मागे गेल्या नव्हत्या. नवरा त्या भिंतीला, बायको या भिंतीला. काकीचं तिला नवल वाटलं, थोडा रागही आला, की सकाळी मनगट धरून एक आणि आता एक. पण माणूस बदलतं, असं तिने पटकन स्वतःला सांगितलं. काचेमागच्या मागावर बसायला मिळेल असं कोणी कानात सांगितलं असेल. संस्थेचे साहेब गोलाबाहेरच्या खुर्चीवरून उठले. मोजायची गरजही नव्हती, खिडकीकडे जवळजवळ दुप्पट गर्दी होती. साहेबांनी माइक घेतला आणि भरल्या आवाजात सांगितलं की आज या भगिनींनी इतिहास घडवला, स्वतःच्या पायांनी निर्णय घेतला, सभासदांचा कौल होय असा आहे, केंद्र होणार. स्पीकर खिडकीच्या वरच होता. टाळ्या मागितल्या गेल्या आणि आल्या. काकीनेही वाजवल्या. साहेब दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेले आणि फोटोवाल्याने हात हलवत सगळ्यांना एका रांगेत यायला सांगितलं, पायऱ्यांवर, मागे पूल दिसेल असं. पुरुष येऊन उभे राहिले. बाया आल्या आणि रांगेच्या पार दुसऱ्या टोकाला गेल्या. फोटोवाला म्हणाला, ताई, मधली जागा भरा, इकडे सरका. कोणी सरकलं नाही. काकी सगळ्यात टोकाला, पदर कपाळापर्यंत, तोंड नदीकडे. दुसऱ्या टोकाला बाबा. कलाबाईने भैय्यालालकडे पाठ केली होती, आणि भैय्यालाल, जो जगातल्या कोणावरही विनोद करी, कलाबाईच्या बाजूला एकदाही बघत नव्हता, कारण तो तिचा भासरा होता. दोन टोकांच्या मधे उघडी पायरी. कामिनी त्या उघड्या पायरीसमोर माइक धरून उभी होती. तिच्या हातात टाळ असता तर आरती सुरू करता आली असती.

तेव्हा तिला कळलं की पाय खोटं बोलले नव्हते. त्यांना जे विचारलं गेलं असं वाटलं त्याचं त्यांनी अगदी खरं उत्तर दिलं होतं. भासरा या भिंतीला, म्हणून आपण त्या भिंतीला. म्हाताऱ्या बाया तिकडे, म्हणून तरुण तिकडे, कारण पुरुषांच्या रांगेत एकटी कोण उभी राहील. शेडचा प्रश्न त्या हॉलमध्ये कोणी कोणाला विचारलाच नव्हता. हात वर करायला सांगितले असते तर बायांनी पुरुषांकडे बघून वर केले असते आणि शेड वाचली असती. मधली जागा ठेवली असती तर सगळ्या मधे उभ्या राहिल्या असत्या आणि शेड वाचली असती. काहीही न करता चहा पाजून घरी पाठवलं असतं तरी. एवढा एकच प्रकार होता ज्यात शेड जाणार होती, आणि तो कामिनीने विचार करून, बायांच्या भल्यासाठी, निवडला होता. बाहेरच्या कोणाला हे दिसलं नसतं. तिला दिसायला हवं होतं. तिला तर लहानपणापासून मधे उभं राहायचीच सवय. पण हॉलमध्ये शिरताना माणूस पिशवीत टिकल्या आणि शिट्टी घेतो, घर बाहेर ठेवतो.

चंदन पायऱ्यांच्या खाली फोनवर फोटो पाठवत होता. ती त्याला म्हणाली की पुन्हा घेऊ या, चिठ्ठ्यांवर. त्याने मान वर केली तेव्हा त्याच्या तोंडावर इतकं निर्मळ समाधान होतं की ती भासऱ्याच्या गोष्टीपर्यंत पोचलीच नाही. तिने एवढंच सांगितलं की बायांना कदाचित कळलं नसेल. चंदन थोडा दुखावला. मॅम, तीनदा समजावून सांगितलं, त्यांनी नाही म्हटलं असतं तर तुम्ही असं म्हणाला असता का, असं त्याने विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. "बायांनी आपल्या मनाने ठरवलं," तो म्हणाला, "आणि आपणच म्हणायचं का यांना कळत नाही?" घोषणेचा व्हिडिओ ग्रुपवर गेला होता, साहेब पुलापार झाले होते, मुंबईहून कोणीतरी अंगठा पाठवला होता. माइक अजून कामिनीच्या हातात होता आणि चालू होता. श्वास घेतला तर स्पीकरमधून ऐकू येत होता. तिने काय सांगायचं होतं. इथल्या बाया भासऱ्याच्या रांगेत उभ्या राहत नाहीत, हे. फोटोवाल्याबरोबर आलेल्या पत्रकारांनी ते हसत छापलं असतं, बाया आपल्याच घरात उघड्या पडल्या असत्या, आणि पुढच्या वेळी नागपुरात कोणी म्हटलं असतं की कामिनी मॅमचे खेळ गावाकडे चालत नाहीत. या तीन कारणांतलं कोणतं खरं आणि कोणतं तोंडी लावायला, ते तिला नीट माहीत होतं. तिने बटण बंद केलं.

जेवणाच्या पंगतीत बाबा जेवत नव्हते. ते हात धुवायच्या नळाशी कोरड्या हातांनी उभे होते. वय एकदम दिसत होतं. भैय्यालाल बाजूला होता, आणि आज पहिल्यांदा त्याच्याजवळ विनोद नव्हता. पत्र्याचे स्क्रू तरी काढून न्यावे लागतीन, एवढं म्हणून तो निघून गेला. बाबांनी कामिनीकडे पाहिलं नाही, नळाकडे बघत बोलले. इतक्या वर्षांत मी तिले कधी उणं बोललो का, असं काहीतरी ते पुटपुटले, वासुदेव गेला तवा तिचा माग शेडात मीच लावला. मग खाकरले, जसे दारात खाकरत.

"विचार तुझ्या काकीले," ते म्हणाले, "काहून गेली तिकडे."

कामिनी तिथेच सांगू शकली असती. एक वाक्य पुरलं असतं. बाबांना ते पूर्ण ऐकायचीही गरज पडली नसती. पण मग त्यांना कळलं असतं की ते सगळ्यात आधी उठले नसते, दुसऱ्या भिंतीशी गेले असते, नुसते बसून राहिले असते, तरी शेड राहिली असती. त्या बाईकडे बघायचं नाही ही रीत त्यांनी जन्मभर पाळली, म्हणून ती कुठं चालली आणि का चालली ते त्यांनाच दिसलं नव्हतं. तिने मान हलवली आणि निरोप घेऊन निघाली, फ्रॉकमधल्यासारखी, वरणाची पातेली चुकवत.

काकी हॉलमध्ये होती. खुर्च्या अजून गोलच होत्या, सगळ्या रिकाम्या, आणि काकी खिडकीकडच्या भिंतीशी, होयच्या कार्डाखाली उभी होती, जणू उठा म्हटल्याशिवाय जागा सोडायची नाही असा काही नियम होता. तिने सकाळचा गुंडा पुढे केला. सूत एकसारखं, घट्ट, कुठे गाठ नाही. हे घे, ती म्हणाली, पुढच्या सभेले कामी येईल. कामिनीने तो घेतला. हातात मावेल एवढाच होता आणि नको इतका जड. तिने विचारलं की बाबा विचारून राहिले, तू तिकडे काहून गेली. काकीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू बाहेर राहून पोरीचं डोकं फिरलं होतं.

"तिकडे ते उभे होते ना," ती म्हणाली.

मग तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. खिडकीतून पुलावरून जाणारी फॅक्टरीची बस दिसत होती.

"शेडाचं आता खरं कधी विचारतील?"

स्पीकर तिच्या डोक्याच्या वरच होता. साहेबांचा शब्दन्‌शब्द तिच्या अंगावर पडला होता, तिने टाळ्याही वाजवल्या होत्या. तिने ऐकलं होतं. कामिनीला तिच्या हाताकडे बघून कळलं की बोटाला पदर गुंडाळणं थांबलं आहे. पाठ अर्धी फिरलेली, मान खाली. ती वाट पाहत होती. कामिनीने फक्त जवळ जायचं होतं, पदर धरायचा होता आणि सांगायचं होतं, साध्या शब्दांत, काही न गाळता. त्यात तिच्याइतका सराव कोणाला होता. ती दोन खुर्च्यांच्या मधून पुढे झाली.

"विचारतील, काकी," ती म्हणाली.

काकीने हळू मान हलवली. भोवती सगळ्या खुर्च्या मोकळ्या होत्या. ती बसली नाही.